मोजलं तेवढंच लिहा

या वेळचं पत्र थोडं कापून देतेय.

"ताई नमस्कार. मी ३६ वर्षांचा, डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. आमचा एक पार्ट ब्रेकच्या असेंब्लीत बसतो, त्याचा बोअर, म्हणजे आतलं भोक, १२.००० ते १२.०१८ मिमीच्या आत पाहिजे. प्रत्येक लॉटमागे २० नग मोजून रिपोर्ट भरायचा असतो, पण गाडी गेटवर उभी, साहेब डोक्यावर, मग ४-५ नग मोजायचे आणि बाकीची रीडिंग मनानेच टाकायची, १२.००७, १२.०१०, १२.००८ अशी, आणि खाली सही माझी. सगळेच करतात, तिन्ही शिफ्टला. प्रोसेस स्टेबल आहे त्यामुळे आजवर काही झालेलं नाही. पण मधे मला झोपच लागेना, तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये येता-जाता फिलॉसॉफीचे व्हिडिओ ऐकायला लागलो, स्टोइक, गीता, थोडं बुद्धाचं. खरंच शांत वाटतं. जे आपल्या हातात नाही त्याचा विचार सोडा, आपलं कर्म करत राहा, फळाची आशा धरू नका. पण बायको म्हणते तुम्ही कोरडे झालात, काहीही सांगितलं की 'ते आपल्या हातात नाही' एवढंच म्हणता. आता मला कळेना झालंय की मी शांत झालोय की नुसता बधीर. फिलॉसॉफी चांगलं जगायला शिकवते म्हणतात, म्हणजे नक्की काय शिकवते? मी सही करणं थांबवू का? घराचा हप्ता चालू आहे, मुलगी तिसरीत आहे. आणि सुरुवात करायला एखादं पुस्तक सांगा. — एक इन्स्पेक्टर"

दादा, नमस्कार.

सहीचं उत्तर आधी देऊन टाकते, उगाच शेवटपर्यंत ताटकळत ठेवत नाही. जे नग मोजले नाहीत त्यांची रीडिंग लिहिणं थांबवा. नोकरी सोडा असं म्हणत नाहीये, साहेबाशी भांडा असंही नाही, आणि हे कसं करायचं ते पुढे सविस्तर लिहिते. पण तुम्ही फिलॉसॉफी काय शिकवते हे विचारलंय आणि सहीबद्दलही विचारलंय, आणि पत्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं की तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न धरलेत. ते एकच आहेत. झोप लागत नव्हती ती रीडिंगमुळे, आणि व्हिडिओ ऐकून झोप लागायला लागली तरी रीडिंग तशीच चालू राहिली. म्हणजे दुखणं तिथंच आहे, फक्त दुखायचं थांबलंय. ते बरं झालं असं मी म्हणणार नाही. तुम्ही स्वतःच 'बधीर' हा शब्द लिहिलात ना, तो अगदी बरोबर लिहिलात.

आता ते 'हातात असलेलं आणि नसलेलं' प्रकरण बघू, कारण तुमची सगळी शांती त्याच्यावर उभी आहे. हे सांगणारे स्टोइक, म्हणजे ग्रीस-रोममधले एका पंथाचे तत्त्वज्ञ, आणि त्यातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस एपिक्टेटस, हा जन्माने गुलाम होता, आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा. पुढे सुटका झाली, रोममध्ये शिकवायला लागला, तिथून डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमध्ये निकोपोलिसला जाऊन शाळा काढली. स्वतः त्याने एक ओळ लिहिलेली नाही, आपल्यापर्यंत आलंय ते त्याच्या एका विद्यार्थ्याने उतरवून घेतलं म्हणून. तर त्याच्या यादीत हातात नसलेल्या गोष्टी कुठल्या? शरीर, पैसा, लोक काय म्हणतात, पद. आणि हातातल्या? आपण एखाद्या गोष्टीबद्दल काय मत करतो, कशाची इच्छा धरतो, कशाला हो म्हणतो आणि कशाला नाही.

ही यादी तुमच्या टेबलावर ठेवून बघा. गाडी कधी येणार, साहेबाचा मूड, कस्टमरचं शेड्यूल, प्रमोशन, हे सगळं हातात नाही, बरोबर. पण पेन? दादा, त्या अख्ख्या प्लँटमध्ये शंभर टक्के तुमच्या हातात असलेली एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे तुमची सही, आणि नेमकी तीच तुम्ही 'हातात नाही' च्या रकान्यात टाकून दिलीत! एपिक्टेटस वाचून माणूस असा उलटा निष्कर्ष काढतो याचं मला नवल वाटत नाही, कारण तीस सेकंदांच्या व्हिडिओत यादीचा पहिलाच अर्धा भाग येतो, चिंता सोडायचा. दुसरा अर्धा, म्हणजे जे हातात आहे त्याची जबाबदारी पूर्ण तुमची, त्यात साहेबाला ओढायचं नाही, तो ऐकायला अवघड आहे म्हणून कुणी व्हिडिओत घेत नसावं.

त्याच एपिक्टेटसने सांगितलेला एक प्रसंग आहे, तो तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो. हेल्विडियस प्रिस्कस नावाचा रोमचा सिनेटर होता. व्हेस्पेशियन बादशहाने त्याला निरोप धाडला, आज सिनेटला येऊ नकोस. हा म्हणतो, मला सिनेटर ठेवायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, पण आहे तोवर मला आलंच पाहिजे. बादशहा म्हणतो, बरं ये, पण गप्प बस. ठीक आहे, मला विचारू नका, मी गप्प बसतो. यावर बादशहा, पण मला तर विचारावंच लागेल ना! मग मला जे योग्य वाटतं ते सांगावंच लागेल. बोललास तर मारून टाकीन. यावर हेल्विडियस म्हणतो की मी अमर आहे असं मी तुम्हाला कधी सांगितलं? तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो. पुढे त्याला आधी हद्दपार केलं आणि मग खरंच मारलं.

हे स्टोइक. हातात नाही म्हणून गप्प बसा असं त्यात कुठे आहे? बादशहा काय करेल ते हातात नाही म्हणूनच हा इतका मोकळा बोलू शकतो. 'काय होईल ते होवो' हे वाक्य दोन्हीकडे सारखंच दिसतं, पण एकजण ते खरं बोलायच्या आधी म्हणतो आणि दुसरा खोटं लिहायच्या आधी, आणि यातला स्टोइक कोण ते तुम्हाला कळतंय.

गीतेचंही थोडक्यात सांगते, त्यावर आपल्याकडे एवढं बोललं जातं की मी भर घालत नाही. 'कर्मण्येवाधिकारस्ते' सगळ्यांना पाठ असतं, दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक. त्याला चार चरण आहेत आणि लोक साधारण दोनावर थांबतात. चौथा चरण आहे 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', म्हणजे काही न करण्याचीही ओढ धरू नकोस. फळाची आशा सोड, पण म्हणून काम टाळू नकोस, ढिलं करू नकोस. तुमचं कर्म काय आहे? इन्स्पेक्शन. म्हणजे मोजणं. मग न मोजता लिहिणं हे कर्म झालंच कुठे, फळाची आशा सोडण्याची वेळ तर त्याच्या नंतर येते.

आता 'सगळेच करतात'. दादा, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जड वाटलेलं वाक्य हे आहे, कारण यात माणूस खरोखर अडकतो, आणि अडकणारा वाईट असतो असं अजिबात नाही.

सॉक्रेटिसचा विषाचा पेला सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच्या पाचेक वर्षं आधी, इ.स.पू. ४०४ मध्ये, अथेन्स स्पार्टाकडून युद्ध हरलं आणि गावात तीस लोकांची हुकूमशाही आली. ते लोकांना पकडून मारत होते, मालमत्ता घेत होते. एक दिवस त्यांनी सॉक्रेटिसला आणि आणखी चौघांना कचेरीत बोलावलं आणि हुकूम दिला की सलामिस बेटावर जा आणि लिऑन नावाच्या माणसाला घेऊन या, त्याला मारायचंय. पाच जण बाहेर आले. चौघे सलामिसला गेले आणि लिऑनला घेऊन आले. सॉक्रेटिस घरी गेला.

हे तो पुढे स्वतःच्या खटल्यात ज्यूरीला सांगतो, आणि सांगताना एक गोष्ट बोलून जातो ती मला फार महत्त्वाची वाटते. तो म्हणतो की हे लोक असले हुकूम पुष्कळ जणांना द्यायचे, कारण जास्तीत जास्त लोकांचे हात त्यांच्या गुन्ह्यात बरबटावेत असं त्यांना हवं होतं. आता तुमचा साहेब म्हणजे काही हुकूमशहा नाही, तोही बहुधा वरून आलेलं टार्गेट खाली ढकलतोय, त्याच्याही घराचा हप्ता असेल. पण कामाची रीत बघा. तिन्ही शिफ्टला तिघांच्या सह्या खोट्या रीडिंगखाली असल्या की तिघांपैकी कुणीच तोंड उघडत नाही, प्रत्येकाला दुसऱ्याचं माहीत असतं. 'सगळेच करतात' हे तुम्हाला कारण वाटतंय, पण त्या हुकूमशहांना ते तसं हवं होतं, ती त्यांची सोय होती. आणि उद्या काही झालं तर कागदावर नाव कुणाचं असेल हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण या गोष्टीतली एक बाजू मला कायम खटकत आलीय आणि ती लपवून सल्ला देणं मला पटत नाही. लिऑन मेलाच. सॉक्रेटिस घरी गेला, बाकीचे चौघे गेले, काम झालं. त्याने लिऑनला आधी सावध केलं का, कुणाला काही बोलला का, तर तसं तो काहीच सांगत नाही. आपले हात स्वच्छ ठेवले, बस. मी कॉलेजात शिकवायचे तेव्हा दरवर्षी एखादं पोर हा प्रश्न विचारायचंच, आणि मी त्या पोराच्या बाजूने असायचे. म्हणून तुम्हालाही फक्त 'मी सही करणार नाही' एवढ्यावर थांबा असं सांगून मला समाधान नाही, कारण तुम्ही नाही केली तर ती दुसऱ्या शिफ्टचा पोरगा करेल आणि पार्ट जायचा तो जाईलच. नकाराच्या पुढे एक पाऊल आहे, बोलायचं.

आणि हे पुढचं पाऊल टाकलेला माणूस आहे, तोही तत्त्वज्ञ नाही, इंजिनिअर. अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचं तुम्ही डिप्लोमाला ऐकलं असेल. २८ जानेवारी १९८६, उडाल्यावर ७३ सेकंदांत यान फुटलं, आतले सातही जण गेले. बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीत कडक झाली होती. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनिअर आदल्या रात्री फोनवर सांगत होते की एवढ्या थंडीत उडवू नका. तेव्हा वरच्या एका मॅनेजरने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. त्याने घातली. त्याच कंपनीचा ॲलन मॅकडॉनल्ड तिकडे फ्लोरिडाला हजर होता, उड्डाणाच्या शिफारशीवर त्याची सही हवी होती, त्याने केली नाही. मग युटाहून दुसऱ्या अधिकाऱ्याने केली आणि कागद फॅक्सने आला. म्हणजे इथपर्यंत सॉक्रेटिसचीच गोष्ट, आपण सही नाही केली तरी काम झालंच. पण मॅकडॉनल्ड घरी गेला नाही. चौकशी आयोगापुढे आदल्या रात्री काय काय झालं ते त्याने उठून सांगितलं. कंपनीने त्याला पदावरून खाली आणलं, मग अमेरिकन काँग्रेसने दबाव आणला आणि शेवटी तोच सांधा नव्याने डिझाइन करायचं काम त्याच्याकडे आलं. त्याचं बरं झालं म्हणून तुमचंही होईल असं मी म्हणू शकत नाही. पण बोलणं म्हणजे संपणंच असंही दरवेळी नसतं.

आता तुम्ही म्हणाल, कुठे चॅलेंजर आणि कुठे आमचा बोअर, आमची प्रोसेस स्टेबल आहे, पार्ट बरोबरच येतात. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण नीट बघितलं तर हा 'परिणाम काय झाला ते बघा' असा युक्तिवाद आहे आणि त्याच्या मागे मोठी परंपरा आहे, बेंथॅम, मिल वगैरे इंग्लिश तत्त्वज्ञांची. ज्याने जास्तीत जास्त लोकांचं भलं होतं ते योग्य. मग कुणाचं काही बिघडलं नाही तर चूक काय?

माझा भाऊ आयुष्यभर भोसरीत शॉपफ्लोअरवर होता, त्याला तुमचं पत्र नाव-गाव न सांगता वाचून दाखवलं. तो म्हणाला, स्टेबल आहे हे यांना कशावरून कळतं? मोजलं तर कळणार ना! रीमर, म्हणजे भोकाला नेमकं माप देणारं हत्यार, झिजतो, नवीन लावताना सेटिंग हलतं, आणि ते सगळ्यात आधी दिसतं कुठे तर याच शीटमध्ये, आकडे एका बाजूला सरकायला लागतात. मनाने भरलेले आकडे कधीच सरकत नाहीत, ते नेहमी छान मधे असतात. म्हणजे ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज पडेल नेमकं त्याच दिवशी तो कागद तुम्हाला सांगेल की सगळं ठीक आहे. मला हे कधी सुचलं नसतं, पण ऐकल्यावर वाटलं की मिल जे सांगतो ते हेच. तो म्हणतो की प्रत्येक खोट्याने माणसांचा एकमेकांच्या शब्दावरचा भरवसा थोडा झिजतो, आणि समाजाचं बरंचसं भलं त्याच भरवशावर उभं असतं, म्हणून परिणामांचा हिशोब करताना हे नुकसानही मांडायला पाहिजे. तुमच्या हिशोबात ते मांडलेलंच नाही.

आणि कांट. हा कोनिग्सबर्गचा जर्मन प्राध्यापक, लोकांना वाटतं फार रुक्ष, पण तुमच्या टेबलावर सगळ्यात कामाचा माणूस तोच आहे असं माझं मत आहे. १७८५ च्या पुस्तकात तो उदाहरण देतो की एकाला पैशाची नड आहे, परत देता येणार नाहीत हे त्याला माहीत आहे, तरी 'देतो' असं वचन देऊन तो उसने घ्यायला निघालाय. कांट विचारतो, नड असलेल्या प्रत्येकाने असंच करायचं हा नियमच झाला तर? तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, आणि मग याचंही खोटं वचन चालणार नाही. म्हणजे याचं खोटं चालतंय ते बाकीचे खरं बोलतात म्हणून.

हे तुमच्या रिपोर्टला लावा. जगातल्या प्रत्येक इन्स्पेक्टरने रीडिंग मनाने भरायची ठरवली तर इन्स्पेक्शन रिपोर्ट नावाच्या कागदाला काडीची किंमत उरणार नाही, कस्टमर बघणारही नाही, मग तो भरायचा कशाला? तुमचे १५ खोटे आकडे खपतात कारण कुठेतरी दुसऱ्या कंपनीत दुसरा कुणीतरी २० च्या २० खरे मोजून भरतोय आणि त्याच्यामुळे या कागदावर लोकांचा विश्वास शिल्लक आहे. तुम्ही त्या माणसाच्या मेहनतीवर जगताय. हे कडक वाटेल, पण मला तुम्हाला गोड बोलून परत बसमध्ये व्हिडिओ ऐकायला पाठवायचं नाहीये. कांटचं दुसरं म्हणणं असं की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. जी बाई मुलाला मागे बसवून उतारावरून येताना ब्रेक दाबणार आहे तिला कुणी विचारलेलं नाही की चाराच्या हिशोबावर वीस लिहिले तर चालेल का.

इथे मला बाबासाहेबांची आठवण होते, कारण तुम्ही बुद्धाचंही ऐकता म्हणालात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या निधनानंतर १९५७ ला प्रसिद्ध झालं, त्यात ते म्हणतात की माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसं एकमेकांच्या संबंधात राहायला लागली की धम्माला जागा करून द्यावीच लागते, त्यांना आवडो न आवडो. धम्म म्हणजे माणसाने माणसाशी नीट वागणं. व्हिडिओमधला बुद्ध डोळे मिटून एकटा बसलेला असतो, पण अष्टांगिक मार्गात समाधीबरोबर सम्यक आजीविकाही आहे, म्हणजे पोट कसं भरतो हेसुद्धा. मला जर कुणी एका वाक्यात विचारलं की एवढ्या सगळ्या परंपरांमध्ये समान काय आहे तर मी हे सांगेन की यातल्या कुणीही चांगलं जगणं एकट्या माणसाच्या मनाच्या आत संपवलेलं नाही, तुमच्या वागण्याच्या पलीकडच्या टोकाला कोण आहे ते बघायला प्रत्येकाने सांगितलंय. मनःशांती यातून येते, पण मागून येते.

तर आता करायचं काय. इथे ॲरिस्टॉटल लागतो, कारण बाकीचे सांगतात काय योग्य, हा सांगतो कसं. त्याचं म्हणणं, न्यायाची कामं करून करून माणूस न्यायी होतो आणि धैर्याची करून करून धीट होतो, जसा गवंडी बांधून बांधूनच गवंडी होतो. याची उलटी बाजूही तो सांगतो, वाईट बांधून वाईट गवंडीही तसाच तयार होतो. तुमचा हात १२.००७ लिहायला बसलाय, तो एका दिवसात उतरायचा नाही. आणि धैर्य म्हणजे भित्रेपणा आणि अविचार यांच्या मधलं, तेही योग्य वेळी, योग्य माणसाशी, योग्य पद्धतीने. उद्या सकाळी साहेबासमोर रिपोर्ट फाडला तर ते धैर्य नव्हे. आणखी एक, ॲरिस्टॉटल हे स्पष्ट म्हणतो की चांगल्या आयुष्याला थोडा पैसा, मित्र, घरदार हेही लागतं. हप्त्याची काळजी करता म्हणून तुम्ही कमी दर्जाचे ठरत नाही.

पहिली गोष्ट, उद्यापासून जेवढे नग मोजाल तेवढीच रीडिंग लिहा. पाच मोजले तर पाच, बाकीचे रकाने मोकळे ठेवा, आणि खाली 'मोजलेले नग ५' असं लिहून सही करा. ही सही खरी आहे. तुम्ही काम नाकारलं नाही, गाडी अडवली नाही, भाषण दिलं नाही. आता अर्धवट रिपोर्टवर गाडी सोडायची की नाही हा निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे गेला, आजवर तो तुमच्या पेनातून लपून होत होता.

पण हे करायच्या आधी साहेबाशी एकट्याने बोला, गाडी गेटवर असताना नको, शिफ्ट संपताना. तक्रार घेऊन जाऊ नका, तोडगा घेऊन जा. भाऊ म्हणतो की वीसच्या वीस नग शेवटी मोजायची गरजच काय, लाईन चालू असतानाच ठरलेल्या वेळेला नग काढून मोजले तर गाडी येईपर्यंत शीट भरलेली असते. ते जमत नसेल आणि प्रोसेस खरंच एवढी स्टेबल असेल तर महिनाभर प्रामाणिकपणे मोजून तो डेटा कस्टमरपुढे ठेवा आणि कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय आणि किती मोजायचं ते ठरवणाऱ्या कागदात, २० चे ५ करून मागा. मिळाले तर तुम्ही पाचच मोजाल, पण कुणालाही न फसवता. हे तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. बोलणं झालं की तेच दोन ओळींत मेल करून ठेवा, साध्या भाषेत, आरोप न करता, 'आज बोलल्याप्रमाणे' म्हणून. बाकीच्या दोन शिफ्टच्या दोघांनाही सांगा तुम्ही काय करताय ते, त्यांच्यावर दबाव न आणता. तिघांनी मोकळे रकाने सोडले तर ते एकट्याचं खूळ राहत नाही.

आणि साहेब म्हणाला, भर नाहीतर घरी बस, तर? तर दादा, मी इथे बसून तुम्हाला राजीनामा द्या म्हणणार नाही, हप्ता मला भरायचा नाहीये. पण आजपासूनच बायोडाटा काढून ठेवा, हाताशी काही महिन्यांचा खर्च साठवायला लागा, ओळखीत सांगून ठेवा. खरं बोलायची ताकद बरीचशी इथूनही येते, दुसरी नोकरी मिळू शकते हे माहीत असलेला माणूस कमी घाबरतो. तोवर एखाद्या दिवशी दबावाखाली भरावं लागलंच तर मनाला 'हे माझ्या हातात नव्हतं' असं समजावू नका, 'आज मी चुकीचं केलं' असं म्हणा, कारण ज्याला चूक चूक वाटते तो ती थांबवायचा रस्ता शोधत राहतो.

राहिल्या वहिनी. मला वाटतं त्यांनी तुमच्या आधी ओळखलं. माणूस कामावर एक गोष्ट रोज मनाआड करायला शिकला की ते कौशल्य घरीही चालू होतं, तिथे मग मुलीची शाळा, सासूचं आजारपण, बायकोचं दुखणं सगळं 'हातात नाही' मध्ये जातं. एपिक्टेटसनेच सांगितलंय की तुमचं कर्तव्य तुमच्या नात्यांवरून ठरतं, बाप असाल तर बापाचं, भाऊ असाल तर भावाचं. त्यांना तुम्ही रीडिंगचं सांगितलंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. साहेबाशी बोलायच्या आधी त्यांच्याशी बोला, हप्ता दोघांचा आहे, जोखीमही दोघांची, त्यामुळे निर्णयही दोघांनी मिळून घ्या. शिवाय एवढे दिवस हे एकट्याने पोटात ठेवलंत, आता पुरे.

पुस्तकाचं. सॉक्रेटिसचं कोर्टातलं भाषण, प्लेटोने लिहिलेलं, 'अपॉलॉजी' नावाने मिळेल, मराठी-इंग्रजी जे सापडेल ते घ्या, एका रविवारच्या दुपारी वाचून होतं आणि लिऑनची गोष्ट साधारण मध्यावर येते. मग एपिक्टेटसची छोटी हस्तपुस्तिका, पण या वेळी अख्खी, तुकड्या-तुकड्यांत नको. ॲरिस्टॉटल एवढ्यात घेऊ नका, जड जातो, घेतलाच तर त्याच्या 'निकोमॅकियन एथिक्स'चा आठवा आणि नववा भाग आधी वाचा, ते मैत्रीवर आहेत आणि आठव्यात नवरा-बायकोच्या मैत्रीबद्दलही आहे. तो वहिनींबरोबर वाचता आला तर उत्तमच. आणि साहेब काय म्हणाला ते मला जरूर कळवा.